टोरी कॅनियनचे तेल आणि खडकावरचे लिंपेट

तेलवाहू जहाज फुटले तर समुद्राचे काय नुकसान होते, असे वर्गात विचारले की मुलांना बहुधा तेलाने माखलेला पक्षी आठवतो. त्या पक्ष्याचे हाल खरेच आहेत. पण कधी कधी सांडलेल्या तेलापेक्षा ते तेल साफ करण्याच्या घाईनेच अधिक जीव मरतात. ही गोष्ट शास्त्रज्ञांना प्रथम नीट मोजून दाखवता आली ती 1967 साली, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर.

'टोरी कॅनियन' हे त्या वेळच्या जगातील सर्वांत मोठ्या जहाजांपैकी एक होते. 1959 साली ते अमेरिकेत बांधले गेले. पुढे जपानमध्ये नेऊन त्याची क्षमता जवळजवळ दुप्पट करण्यात आली. मालकी बर्म्युडातील एका कंपनीची, नोंदणी लायबेरियाची, कप्तान व खलाशी इटालियन आणि भाड्याने घेणारी कंपनी ब्रिटिश, असा सगळा कारभार होता. फेब्रुवारी 1967 मध्ये कुवेतचे सुमारे 1 लाख 19 हजार टन कच्चे तेल भरून ते निघाले. सुएझ कालव्यातून जाण्यास ते फार मोठे होते, म्हणून अरबी समुद्रातून आफ्रिकेला वळसा घालून ते वेल्समधील मिलफर्ड हेवन बंदराकडे चालले होते.

त्या बंदरात एवढे जहाज फक्त मोठ्या भरतीलाच आत येऊ शके. 18 मार्चच्या रात्रीची भरती चुकली तर पुढे जवळजवळ आठवडाभर बाहेर थांबावे लागणार होते. पहाटे लक्षात आले की, जहाज सिली बेटांच्या अपेक्षित बाजूऐवजी दुसऱ्याच बाजूला आले आहे. वळसा घालण्यात सुमारे अर्धा तास जाणार होता. कप्तान पास्त्रेंगो रुजाती यांनी बेटे आणि 'सेव्हन स्टोन्स' नावाची खडकांची रांग यांमधील अरुंद वाटेने जायचे ठरवले. समोर मासेमारीच्या होड्या होत्या. ऐन वेळी सुकाणू फिरवले, तर जहाज वळेना, कारण सुकाणूचा खटका स्वयंचलित स्थितीत राहिला होता. खटका बदलेपर्यंत उशीर झाला आणि सकाळी नऊच्या सुमारास जहाज खडकावर चढले.

पुढचे दहा-बारा दिवस ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत दुसरे काही नव्हते. जहाज ओढून काढण्याचे प्रयत्न फसले, 26 मार्चला त्याचा कणा मोडला आणि 28 तारखेपासून नौदलाच्या व हवाई दलाच्या विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. उरलेले तेल पेटवून द्यावे, हा हेतू. विमानांचे इंधन आणि नापामही ओतून पाहिले. स्थिर उभ्या जहाजावर टाकलेले बरेच बॉम्ब चुकलेच, आणि समुद्रावर पसरलेले तेल पेटते ठेवणे किती अवघड आहे तेही कळले.

नुकसानभरपाईची कथा तर आणखीच विचित्र. अमेरिकी कायद्याप्रमाणे मालकाची जबाबदारी अपघातानंतर जहाजाची जी किंमत उरेल तेवढीच. इथे उरली होती एक जीवरक्षक होडी, किंमत 50 डॉलर. शेवटी त्याच मालकाचे दुसरे जहाज सिंगापूरला आले असता ब्रिटिश सरकारने त्यावर नोटीस बजावली आणि त्या जोरावर ब्रिटन व फ्रान्स यांनी मिळून 30 लाख पौंड वसूल केले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग किनाऱ्यावर घडला.

कच्चे तेल हा एक पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बन संयुगांचे मिश्रण असते. त्यातील हलकी संयुगे लवकर उडून जातात. बेंझीन, टोल्यूइन यांसारखी सर्वांत विषारी अरोमॅटिक संयुगे बरीचशी याच हलक्या भागात असतात. टोरी कॅनियनचे तेल कॉर्नवॉलच्या खडकांना लागले तोवर त्याला समुद्रात जवळजवळ आठवडा झाला होता. ते घट्ट, चिकट, पाहवणार नाही असे झाले होते. पण त्याचा विषारीपणा पुष्कळच उतरला होता. पक्ष्यांना याचा उपयोग नव्हता. पिसे चिकटली की पक्षी गारठून किंवा बुडून मरतो, तेल विषारी असो वा नसो. गिलमॉट, रेझरबिल असे किमान 15 हजार पक्षी मेले आणि माणसांनी उचलून धुतलेल्यांपैकीही फारच थोडे वाचले.

ईस्टरची सुट्टी तोंडावर होती. कॉर्नवॉलची कमाई पर्यटकांवर चाले आणि पुळणीवर काळा थर दिसून चालणार नव्हता. सैनिक, अग्निशामक दल, स्वयंसेवक सगळे डिटर्जंटची पिंपे घेऊन कामाला लागले. कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागलेले तेल होते सुमारे 14 हजार टन, आणि त्यासाठी वापरलेले डिटर्जंट सुमारे 10 हजार टन! प्रमाण डोळ्यांसमोर आणून पाहावे.

डिटर्जंट काय करते हे वर्गात सहज दाखवता येते. पसरट काचेच्या भांड्यात पाणी घेऊन त्यावर चमचाभर गोडेतेल टाका. तवंग स्पष्ट दिसेल. आता भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब टाकून ढवळा. तवंग नाहीसा होतो, पाणी गढूळ होते. मुलांना विचारावे, तेल गेले कुठे? ते बारीक थेंबांच्या रूपाने पाण्यातच असते. किनाऱ्यावर नेमके हेच झाले. वर तरंगणारे तेल पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांच्या आणि कालवांच्या तोंडाशी पोहोचले. त्यात त्या काळच्या या डिटर्जंटमध्ये साबणासारखा घटक थोडा आणि बहुतांश भाग द्रावकाचा होता. तो द्रावक खनिज तेलापासूनच काढलेला, अरोमॅटिक संयुगांनी भरलेला. तेलातून जो विषारी भाग समुद्रावर उडून गेला होता, तो पिंपांतून पुन्हा आणून खडकांवर ओतला जात होता.

प्लिमथ येथील मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनच्या प्रयोगशाळेने आपली नेहमीची कामे बाजूला ठेवून जवळजवळ सगळी माणसे या कामाला लावली. संचालक जे. ई. स्मिथ यांच्या संपादनाखाली त्यांचा वृत्तान्त 1968 साली पुस्तकरूपाने आला. तो मला आजही आदर्श वाटतो, कारण घटना चालू असतानाच, कोणताही निष्कर्ष गृहीत न धरता त्यांनी मोजमापे केली. दहा लाख भाग पाण्यात दहा भाग इतके विरळ डिटर्जंटही किनाऱ्यावरील अनेक प्राण्यांना मारते, असे त्यांना आढळले. नुसते तेल लागलेल्या खडकांवर मात्र बरेचसे प्राणी जिवंत होते. काही लिंपेट तर खडकावरचे तेल खरवडून खात होते आणि ते त्यांच्या आतड्यातून तसेच बाहेर पडत होते.

लिंपेट म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेली, उलट्या वाटीसारख्या शंखाची एक सागरी गोगलगाय. भरतीच्या वेळी ती खडकावर फिरून कोवळे शैवाल खरवडते आणि ओहोटीला पुन्हा आपल्या ठरलेल्या जागी येऊन बसते. दिसायला क्षुद्र, पण खडकाळ किनाऱ्याचे रूप तिच्या चरण्यावर अवलंबून असते. डिटर्जंटने लिंपेट मेले आणि खडक काही आठवड्यांतच हिरव्या शैवालाने झाकले गेले. मागोमाग मोठे तपकिरी शैवाल वाढले, त्याखाली बार्नेकल गुदमरले. या शैवालाच्या ओलसर सावलीत लिंपेटची पिल्ले मात्र भरपूर जगली. ती मोठी झाल्यावर त्यांनी शैवालाचा फडशा पाडला. मग खायलाच काही उरले नाही, आणि आपली जागा कधी न सोडणारे हे प्राणी रांगा करून खडकावर अन्नाच्या शोधात निघाले. अॅलन व ईव्ह साउथवर्ड या शास्त्रज्ञ दांपत्याने आणि नंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे त्याच त्याच खडकांवर जाऊन ही मोजणी केली. पोर्थलेव्हनसारख्या भरपूर डिटर्जंट मारलेल्या जागी हे हेलकावे थांबायला सुमारे पंधरा वर्षे लागली. याउलट गॉड्रेव्ही येथे सीलना इजा होऊ नये म्हणून डिटर्जंट जवळजवळ वापरलेच नव्हते. तेल तिथेही आले होते. पण तो किनारा दोन-तीन वर्षांत पूर्वपदावर आला.

म्हणजे अपघाताने नकळत एक नियंत्रित प्रयोगच मांडून ठेवला होता.

त्यावरून सगळे शहाणे झाले असे मात्र नाही. मार्च 1978 मध्ये 'अमोको काडीझ' हे टँकर फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर फुटून सुमारे 2 लाख 23 हजार टन तेल सांडले. तिथल्या एका खाऱ्या दलदलीतून यंत्रांनी तेलकट गाळ खरवडून काढण्यात आला. ती दलदल सावरायला, हात न लावलेल्या दलदलीपेक्षा अधिक वर्षे लागली. कारण तेलाबरोबर मुळे आणि माती दोन्ही गेली. मार्च 1989 मध्ये अलास्कात 'एक्झॉन व्हाल्डीझ'चे सुमारे 37 हजार टन तेल सांडले, तेव्हा खडक गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुतले गेले. तेलातून वाचलेले प्राणी त्या पाण्याने शिजले. या वेळी एक गोष्ट मात्र चांगली झाली. काही पट्टे तुलनेसाठी मुद्दाम न धुता राखून ठेवले गेले.

म्हणून तेल तसेच सोडून द्यावे, असे मी म्हणत नाही. पुळणीवरचे तेल फावड्याने उचलता येते, खोल समुद्रातील तवंग पक्ष्यांच्या वसाहतींकडे जाण्याआधी विखुरणे कधी कधी योग्य ठरते आणि आजची विखुरणारी द्रव्ये 1967 च्या मानाने पुष्कळच सौम्य आहेत. खाडी, दलदल आणि आपल्याकडची कांदळवने यांत मात्र माणसांची नुसती वर्दळदेखील तेल चिखलात खोलवर तुडवते.

टोरी कॅनियननंतर कायदे बदलले. 1969 साली भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार झाला, 1973 व 1978 साली मार्पोल करार झाले आणि एक्झॉन व्हाल्डीझनंतर दुहेरी तळाची व दुहेरी भिंतीची जहाजे सक्तीची होत गेली. 1970 च्या दशकात टँकरमधून 700 टनांहून मोठी गळती वर्षाला सरासरी चोवीसहून अधिक वेळा होई. 2010 च्या दशकात हा आकडा दोनच्या आत आला. पण सत्तरच्या दशकातही टँकरचे जे तेल समुद्रात जाई, त्यात अपघातांचा वाटा लहानच होता. माल उतरवल्यावर टाक्या समुद्राच्या पाण्याने धुवायच्या आणि ते तेलकट पाणी वाटेत सोडून द्यायचे, ही रीतच होती. आता तिच्यावर बंदी आहे, तरी ती पूर्णपणे गेलेली नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर मे महिन्यापासून पावसाळाभर पायाला चिकटणारे डांबराचे गोळे येतात. त्यांचे रासायनिक विश्लेषण दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केले आहे, आणि त्यांचा माग टँकरच्या धुण्यापर्यंत व मुंबई हायच्या तेलापर्यंत पोहोचतो. या गोळ्यांसाठी विमाने येत नाहीत, की वर्तमानपत्रात मथळा येत नाही.

टोरी कॅनियनचे काही तेल खाडीपलीकडे गर्न्झी बेटालाही लागले होते. तेथील लोकांनी डिटर्जंटऐवजी ते उपसले, मैला वाहणाऱ्या टाक्यांच्या गाड्यांत भरले आणि एका जुन्या दगडखाणीत ओतले. पन्नास वर्षे होत आली तरी त्यातले काही तेल खाणीत होते, आणि 2010 नंतर तेल खाणारे जिवाणू सोडून ते संपवण्याचे काम चालले होते. कॉर्नवॉलच्या खडकांतील डबक्यांत, रिकाम्या शंखात राहणारा क्लिबानारियस एरिथ्रोपस नावाचा लहान खेकडा असे. 1967 नंतर तो कमी कमी होत दिसेनासा झाला. मार्च 2016 मध्ये फालमथजवळच्या डबक्यांत तो पुन्हा सापडला.