दारावर येणारं गाणं: वासुदेवापासून व्हॉट्सॲपपर्यंत

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

मागच्या दिवाळीला ऑफिसात रिलीज होती, त्यामुळे नरकचतुर्दशीला मला पुण्यातून हलता आलं नाही. आमचं गाव जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. तिथं आजी एकटीच असते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण कोणाकडे राहायला यायला तयार नाही. पहाटे पाचला मी इयरफोन लावून 'दिवाळी पहाट'चा लाइव्ह कार्यक्रम ऐकत होतो. गाणी भारी होती. वाटलं, आजीनंही ऐकावं. लिंक फॉरवर्ड केली, वर दोन दिवे आणि हात जोडलेला इमोजी टाकला आणि झोपलो. काम झालं!

दुपारी फोन केला. "आजी, गाणी ऐकलीस का?"

"आलं व्हतं बाबा कायतरी निळं निळं. दाबलं तर नुसतं चाकच फिरत बसलं." मग थोडं थांबून म्हणाली, "पहिलं वासुदेव यायचा रे. त्याला माझं नाव ठाऊक व्हतं."

मी म्हटलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आजीची तक्रार गाणं वाजलं नाही ही नव्हतीच. मग मी शोधायला लागलो की सणाचं गाणं एकट्या माणसापर्यंत आपल्याकडे आधी कसं पोहोचायचं.

पहिला थांबा: वासुदेव

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वासुदेव फक्त शाळेच्या गॅदरिंगमध्ये बघितला असेल. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, घोळदार अंगरखा, हातात टाळ आणि चिपळ्या, कमरेला पावा, पायात घुंगरू. उजाडायच्या आत तो गावात शिरायचा आणि एकेका दारापुढं उभं राहून गायचा. ही परंपरा किती जुनी आहे, याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो: ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम या संतांच्या नावावर वासुदेवाची रूपकं आहेत. म्हणजे वासुदेव तेव्हाच इतका ओळखीचा होता, की संतांनी आपलं म्हणणं त्याच्या तोंडी घातलं.

पण मला त्याच्या गाण्यापेक्षा त्याची पद्धत जास्त इंटरेस्टिंग वाटली. घरातून कोणीतरी सुपात धान्य घेऊन बाहेर यायचं. दान झोळीत पडलं, की वासुदेव 'दान पावलं' म्हणायला लागायचा. कुठल्या कुठल्या देवाला हे दान पावलं, ते एकेक क्षेत्राचं नाव घेऊन सांगायचा. दान देणाऱ्याचं आणि त्याच्या वाडवडलांचं नाव घ्यायचा. मग पावा वाजवत एक गिरकी, आणि पुढचं दार.

माझ्या भाषेत सांगायचं तर हे ब्रॉडकास्ट नव्हतं. प्रत्येक दाराला वेगळा मेसेज होता, आणि समोरून उत्तर आल्याशिवाय तो पूर्णच होत नव्हता. गाणं आत जायचं, धान्य बाहेर यायचं, आणि मध्ये तुमचं नाव घेतलं जायचं.

आजीसाठी हे का मोठं होतं, ते नंतर कळलं. आजोबा गेले तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती. त्यानंतर हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. सवाष्णींच्या कार्यक्रमात ती मागं बसायची, नंतर नंतर जायचंच सोडलं. सण घरात यायचा, पण तिला वळसा घालून. वासुदेव मात्र दारात थांबायचा. सुपात कोणी घातलं, सवाष्णीनं की विधवेनं, हे तो विचारायचा नाही.

आता जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाहीये. वासुदेव काही समाजसेवा करायला यायचा नाही, त्याचं पोट त्यावर होतं. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत वासुदेवांचं नाव आहे. त्यांच्या मुलांनी शिकून दुसरी कामं धरली असतील तर ते चांगलंच झालं. आणि गावात जातीच्या भिंती होत्या, सगळ्या वस्त्या सगळ्यांना सारख्या खुल्या नव्हत्या. तरी दारावर येऊन नाव घेण्याची ती पद्धत लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरा थांबा: जांब

आमच्या तालुक्यातच जांब आहे, जांब समर्थ. १६०८ साली रामनवमीला इथं नारायण सूर्याजी ठोसर जन्मले. तेच पुढं समर्थ रामदास. मनाचे श्लोक आपण पाठांतर स्पर्धेत म्हटलेत, एकूण २०५. पण त्यांच्याबद्दल समर्थ संप्रदायात एक कथा सांगतात. साताऱ्याकडं चाफळला रामनवमीचा उत्सव असायचा. एका वर्षी उत्सवाच्या सामानाची अडचण आली. तेव्हा समर्थांनी हे श्लोक रचले आणि शिष्यांना सांगितलं, घरोघरी हे म्हणा आणि भिक्षा आणा.

ही आख्यायिका आहे, तशीच घ्या. पण दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर एक अख्खा समास आहे, आणि त्यात समर्थ म्हणतात की भिक्षेनं ओळखी होतात. म्हणजे मागायला जाणं हे नुसतं मागणं नव्हतं. त्या निमित्तानं दार वाजायचं, आत कोण आहे, कसं आहे ते कळायचं.

आणि हे काही एकाच धर्माचं नाही हं. रमजानमध्ये पहाटे सहरीसाठी गल्लीतून हाका देत, गात उठवणारे असायचे. बंजारा तांड्यांवर दिवाळीत लग्न न झालेल्या मुली हातात दिवा घेऊन घरोघरी 'मेरा' मागतात, गाण्यातून त्या घराला शुभेच्छा देतात. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. नाताळात दारोदार जाऊन गाण्याची चाल ख्रिस्ती समाजात आहेच. तिकडं इंग्लंडमध्येही कॅरल गाणारे दारात यायचे, तेव्हा घरातले त्यांना खायला-प्यायला किंवा चार पैसे द्यायचे. सगळीकडं तेच: गाणं चालत येतं, आणि घरातला माणूस काहीतरी देतो.

तिसरा थांबा: रेडिओ

आता थेट १९५५. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू होऊन दोनही वर्षं झाली नव्हती; ते सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. १ एप्रिल १९५५, रामनवमी. त्या दिवशी गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, कल्पना सीताकांत लाडांची. दर आठवड्याला एक नवं गाणं, पुढच्या रामनवमीपर्यंत. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून गाणी ५२ ऐवजी ५६ झाली. आज आपण वेब सिरीजच्या एपिसोडची वाट बघतो, तशी लोकं गाण्याची वाट बघायची. काही घरांत रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायचे, असं त्या काळातले लोक सांगतात.

आमच्याकडं तेव्हा काय होतं? १९५५ साली जालना हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि जालना जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडला. आजीच्या घरात रेडिओ आला तो सत्तरच्या दशकात. पोस्टातून त्याचा परवाना काढावा लागायचा. कोनाड्यात ठेवलेला, वर क्रोशाचा रुमाल. नरकचतुर्दशीला पहाटे त्यावर कीर्तन लागायचं. अंगाला उटणं लावलेलं, बंबात पाणी तापतंय आणि रेडिओवर नरकासुराचं आख्यान. तुमच्या घरी विचारा, पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही हे आठवेल.

रेडिओनं एक फार मोठं काम केलं. त्यानं कोणाला काही विचारलं नाही. जात नाही, सवाष्ण आहेस का नाही, तिकीट नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही कीर्तन ऐकू आलं. फक्त वासुदेवासारखं नाव मात्र घेतलं नाही.

पण थांबा, तेही झालं! 'आपली आवड'. श्रोते पोस्टकार्डावर फर्माईश पाठवायचे आणि निवेदक गाण्याआधी नावं आणि गावं वाचून दाखवायचे. आजोबांनी असं एक कार्ड टाकलं होतं, त्यात स्वतःच्या नावापुढं आजीचंही नाव लिहिलं होतं. बऱ्याच आठवड्यांनी ते वाचलं गेलं, दहा-बारा नावांच्या यादीत, एका दमात. गाणं कुठलं लागलं ते आजीला आठवत नाही. नाव वाचलं ते आठवतं. शेजारीण भाकरी टाकायची सोडून पळत आली होती.

लक्षात येतंय का? इथं पोस्टकार्ड म्हणजे सुपातलं धान्य. तुम्ही काहीतरी दिलंत, म्हणून तुमचं नाव आलं.

चौथा थांबा: आपण

गेल्या तीन-चार दशकांत शहरांमध्ये 'दिवाळी पहाट' रुजली. मोठे गायक, मोठा मंडप, नवे कपडे, सेल्फी. मला आवडते, मी दर वर्षी ऐकतो. पण दिशा उलटी झाली बघा. आधी गाणं माणसाकडं यायचं, आता माणसानं गाण्याकडं जायचं. ज्याचे गुडघे चालतात, ज्याच्याकडं पास आहे, तो पहिल्या रांगेत. बाकीचे घरी.

मग २०२० आलं. देशभर लॉकडाऊन सुरू झालं तो २५ मार्च नेमका गुढीपाडवा होता. इटलीत लोक बाल्कनीत उभं राहून एकमेकांसाठी गात होते. आपल्याकडं आषाढीला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी घरीच अभंग म्हटले. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम ऑनलाइन गेले. त्या एका वर्षी आपण सगळेच आजीच्या जागी होतो. तेव्हा लाइव्हची सोय झाली, ती चांगलीच गोष्ट होती. पण त्यातून आपल्याला, निदान मला, एक वाईट सवय लागली: लिंक पाठवली की सण पोहोचला.

लिंक नाव घेत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, लिंक समोरच्याकडून काही मागत नाही. आजीला मी फक्त घेणारी करून टाकलं होतं. वासुदेवाच्या काळात ती देणारी होती.

या वर्षी

यंदा मी गावी जायचं ठरवलं होतं. परत सुट्टी मिळाली नाही. मग नरकचतुर्दशीला पहाटे साध्या कॉलवर आजीला फोन लावला, संभाजीनगरच्या चुलतभावाला जोडून घेतलं. तो बरा गातो. त्यानं एक भूपाळी म्हटली. मग मी नावं घेतली: आजीचं, आजोबांचं, तिच्या सासूचं, तिच्या आईचं. आईचं नाव मला आदल्या दिवशी बाबांना विचारून घ्यावं लागलं. अठ्ठावीस वर्षांत ते मला माहीत नव्हतं, याची लाज वाटली.

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं कॉल कटला.

मग मी म्हटलं, "आजी, वासुदेव आलाय. दान?"

ती हसली. "थांब जरा." आणि तिनं जात्यावरची एक ओवी म्हटली, भावाची, भाऊबिजेला येणाऱ्या. आवाज थरथरत होता, पण शब्द एकही अडला नाही. मी ती कधीच ऐकली नव्हती. मी कधी मागितलीच नव्हती ना.

संपल्यावर म्हणाली, "पलीकडची म्हातारी बी एकलीच हाय. तिला बी लाव."

तिला लावलं. तिनं आणखी एकीचा नंबर दिला. सहा वाजेपर्यंत कॉलवर चार म्हाताऱ्या होत्या, आणि आम्हा दोघांना बोलायला कोणी देईना.

तर मंडळी, या आठवड्यात एक करा. तुमच्या घरात, गावात असं कोणी एकटं असेल, तर लिंक पाठवू नका. फोन लावा, त्यांचं पूर्ण नाव घ्या आणि त्यांच्याकडं एक गाणं मागा. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा.

आजीचं दान तेवढ्यावर संपलं नाही. चार दिवसांनी गावातल्या एका पोराच्या हाती अनारशांचा डबा आला. डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर पेनानं माझं नाव लिहिलेलं. पूर्ण नाव, वडलांच्या आणि आजोबांच्या नावासकट.

भेटू पुढच्या भागात.