लेखणी अडते तेव्हा

पहिली कथा छापून येते. आप्तेष्ट कौतुक करतात, एखाद्या अपरिचित वाचकाचे पत्रही येते. मग दुसऱ्या कथेसाठी कागद समोर घेतला जातो आणि लेखणी अडते. दोन ओळी लिहाव्यात, त्या खोडाव्यात, हा क्रम आठवडेच्या आठवडे चालतो. अनेक नवोदित कथालेखकांची वाटचाल याच वळणावर थांबते. प्रतिभा आटलेली नसते, परंतु ती आटली असा समज लेखकाने करून घेतलेला असतो.

या अवस्थेला इंग्रजीत 'रायटर्स ब्लॉक' असे म्हणतात. मराठीत तिला लेखनावरोध म्हणता येईल. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांनी १९४०च्या दशकात ही संज्ञा रूढ केली.

कारण ओळखावे

अडण्याची कारणे प्रामुख्याने दोन असतात. पहिले म्हणजे भीती. लिहिणारा आणि पारखणारा एकाच वेळी कामाला लागतात आणि वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच त्यावर निकाल दिला जातो. दुसरे कारण अधिक साधे आहे. लेखकाला आपले पात्र किंवा त्याचा परिसर पुरेसा ठाऊक नसतो. गिरणीत काम केलेल्या माणसाची कथा लिहिताना त्याच्या पाळीच्या वेळा आणि डब्यातले जेवण माहीत नसेल, तर कथा तिसऱ्या पानावर अडणारच. अशा वेळी शब्दांशी झुंजण्यापेक्षा त्या माणसांना भेटावे, ऐकावे, टिपणे काढावीत.

प्रत्येक विराम हा अवरोध नसतो, हेही ध्यानात ठेवावे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'झूल' (१९७९) आणि 'हिंदू' (२०१०) या कादंबऱ्यांत ३१ वर्षांचे अंतर आहे. पण 'टीकास्वयंवर' हा समीक्षाग्रंथ याच काळातला.

नियमाचे बळ

मनःस्थिती जमली की लिहू, हा सर्वांत घातक समज होय. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात उद्‌बोधक आहे. लेखन अडलेल्या २७ प्राध्यापकांचे त्यांनी गट केले. लहर लागेल तेव्हाच लिहिणाऱ्यांपेक्षा ठरल्या वेळी सक्तीने लिहिणाऱ्यांची पाने तर अधिक भरलीच, पण नव्या कल्पनाही त्यांनाच अधिक सुचल्या. प्रयोग कथालेखकांवर झालेला नसला, तरी त्याचा बोध त्यांनाही लागू पडावा.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यातील नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहावयास बसत. समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द हा त्यांचा परिपाठ होता. त्यांच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत. आपल्याकडे हरि नारायण आपटे यांनी १८९०मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. अंकाची तारीख स्फूर्तीसाठी थांबत नसते.

काही उपाय

नवोदितांनी प्रारंभी दिवसाला अर्धे पान एवढेच उद्दिष्ट ठेवावे. मात्र वेळ आणि जागा बदलू नये. पहिला खर्डा न खोडता शेवटपर्यंत न्यावा आणि तो काही दिवस बाजूला ठेवून मगच तपासावा. आरंभ सुचत नसेल, तर जो प्रसंग डोळ्यांसमोर स्पष्ट आहे तो आधी लिहावा. जुळणी नंतर करता येते. पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच दिवसाचे काम थांबवावे, हा अर्नेस्ट हेमिंग्वे यांचा सल्लाही उपयुक्त आहे. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची धास्ती वाटत नाही.

तथापि, लेखनाबरोबरच झोप, भूक आणि माणसांतली गोडीही दीर्घकाळ हरपली असेल, तर तो केवळ लेखनाचा प्रश्न न समजता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वाईट पान सुधारता येते. कोऱ्या पानावर मात्र कोणताही संस्कार करता येत नाही. म्हणून आज निदान एक वाईट पान लिहावे.