यंत्राने काय ऐकले?

देवळांतील उत्सवांचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे, अशी इच्छा अलीकडे ठिकठिकाणची देवस्थाने आणि भजनी मंडळे बोलून दाखवू लागली आहेत. ती सर्वथा स्तुत्य आहे. पालखीपुढची सुवारी, चौघड्यावरची सनई, सप्ताहातील जुन्या वळणाचे भजन, ही सारी गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या वयाबरोबर मावळत चालली आहेत. अशा मुद्रणाची बोलणी होतात तेव्हा मायक्रोफोन कोणता आणावा, मुद्रणयंत्र कोणते घ्यावे, ह्याविषयी पुष्कळ खल होतो. मुद्रण करणाऱ्याच्या कानावर काय असावे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी काढीत नाही. जे घरी पडून असेल ते आणावे, असाच एकंदर समज. हा समज किती महागात पडतो, हे ज्यांनी मुद्रणानंतर केवळ जनित्राची घरघर ऐकली आहे त्यांस सांगावयास नको.

हेडफोन हा शब्द आता इतका रुळला आहे की त्यास 'कर्णसंपुट' वगैरे संस्कृत पेहराव चढविण्याचे कारण उरलेले नाही. पण ह्या वस्तूचे मैदानातील काम काय, हे समजावयाचे तर ती नव्हती त्या काळात प्रथम जावे लागते.

१८९० साली जेसी वॉल्टर फ्यूक्स ह्या अमेरिकन संशोधकाने मेन प्रांतातील पासामाक्वॉडी लोकांची गाणी व कथा एडिसनच्या फोनोग्राफवर घेतल्या. लोकांच्या वस्तीत जाऊन केलेल्या मुद्रणाचा आरंभ सामान्यतः येथूनच धरतात. मेणाच्या नळकांड्यावर उमटलेले लगेच ऐकता येई. परंतु प्रत्येक वेळी ऐकताना सुई ते थोडे खरवडून काढी. खात्री करून घ्यावयाची तर पुरावाच झिजवावयाचा, अशी ही अडचण होती. पुढे तबकडी आली आणि अडचण अधिकच बिकट झाली. १९०२ च्या अखेरीस फ्रेड गेसबर्ग ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजानचे गाणे घेतले. कर्ण्यासमोर गावयाचे, कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरावयाचा आणि त्याला जोडलेल्या सुईने मेणावर रेघ ओढावयाची. विजेचा संबंध नाही. मूळ मेणाची तबकडी वाजवून पाहिली की ती साच्यासाठी निकामी. ती तशीच बंद करून जर्मनीत हॅनोव्हरला पाठवावयाची, आणि काय साधले, काय बिघडले, हे तेथून छापील तबकड्या आल्यावर कळावयाचे! गाणे संपल्यावर गौहरजान स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारी, ते हॅनोव्हरच्या कारागिरांस तबकडी कोणाची हे समजावे म्हणून. आम्हा वकिलांना ती दस्तऐवजाखालची सहीच वाटते. परंतु सही करणाऱ्यास दस्तऐवज वाचावयास मिळालेला नव्हता, हे विसरू नये.

इकडे हेडफोनचा जन्म ध्वनिमुद्रणाशी काडीचाही संबंध नसलेल्या निमित्ताने झाला. यूटा प्रांतातील नेथनियल बाल्डविन हा मॉर्मन पंथाचा भाविक मनुष्य. सॉल्ट लेक शहरातील विशाल प्रार्थनामंदिरात गर्दीमुळे प्रवचन नीट ऐकू येत नाही, ही त्याची तक्रार. तीवर तोड काढता काढता तो ह्या विषयात शिरला, असे सांगतात. कीर्तनाला मागे बसून कान टवकारणाऱ्या आपल्याकडील मंडळींस त्याचे दुःख सहज उमगेल. १९१० साली त्याने आपले श्रवणसाधन अमेरिकन नौदलाकडे परीक्षेसाठी पाठविले. त्यातील गुंडाळ्यांत तार इतकी लांब आणि बारीक होती की क्षीण बिनतारी संदेशही ते स्पष्ट ऐकवी. नौदलाने मागणी केली तेव्हा ह्या गृहस्थाने कळविले की एका वेळी दहाच देता येतील, कारण कारखाना म्हणजे घरचे स्वयंपाकघर! पहिल्या महायुद्धात ह्या वस्तूला मोठी मागणी आली. पुढे दिवाळे आणि तुरुंग हेही त्याच्या नशिबी आले. तो भाग येथे सोडून देऊ.

ही दोन टोके जुळली ती १९२५ नंतर, विजेवर चालणारे मुद्रण आले तेव्हा. कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला, आवाजाची वीज झाली; आणि वीज एकदा तारेत आली की तिचा एक फाटा सुईकडे आणि दुसरा कानाकडे नेता येतो. मुद्रण चालू असतानाच यंत्राला काय मिळत आहे हे ऐकण्याची सोय ह्या फाट्याने झाली. माझ्या मते ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील ही घटना मायक्रोफोनच्या आगमनाइतकीच मोठी आहे, जरी तिचा गाजावाजा झाला नाही. १९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा अ‍ॅलन सुमारे ३१५ पौंडांचे यंत्र मोटारीच्या पाठीमागे घालून दक्षिण अमेरिकन संस्थानांतील तुरुंगांतून कैद्यांची गाणी टिपत हिंडले. एवढे ओझे वाहून नेलेल्या माणसास तेथे पुन्हा येऊ म्हणण्याची सोय नसते. जे मिळावयाचे ते त्याच दिवशी.

१९३७ साली बर्लिनमध्ये ऑयगेन बायर ह्यांनी 'डीटी ४८' हा हेडफोन काढला. आधीच्या हेडफोनांत लोखंडी पडदा थरथरे; ह्यात ध्वनिवर्धकाप्रमाणे तारेचे वेटोळे पडद्यासह हलते. त्यामुळे ऐकू येणारा आवाज मूळच्या पुष्कळ जवळ आला. दुसरे पाऊल स्वित्झर्लंडमध्ये पडले. स्टेफान कुडेल्स्की ह्या पोलंडात जन्मलेल्या तरुण अभियंत्याने १९५१ साली खांद्यावरून नेता येईल असे फितीचे मुद्रणयंत्र बनविले आणि त्याला 'नाग्रा' हे नाव दिले. पोलिश भाषेत त्याचा अर्थ 'मुद्रित करील' असा आहे. आपल्या कानाला मात्र त्यात नगारा ऐकू येतो, आणि योगायोग गोड आहे. १९५८ च्या 'नाग्रा ३' नंतर हे यंत्र चित्रपटांच्या बाह्य चित्रीकरणात जगभर गेले, आणि त्याच्याबरोबर 'डीटी ४८' ही.

ह्या नाग्रात एक खटका होता, त्याकडे वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधावयाचे आहे. खटका एका बाजूस असता मायक्रोफोनकडून येणारा आवाज थेट कानात येई; दुसऱ्या बाजूस केला की फितीवर उमटून झालेला आवाज, क्षणाच्या अंतराने, दुसऱ्या शीर्षावरून वाचून कानी पडे. म्हणजे मुद्रणकारास 'काय बोलले गेले' आणि 'काय नोंदले गेले' ही दोन्ही तपासता येत. जबानी लिहून घेणाऱ्या कारकुनाच्या खांद्यावरून कागद वाचण्यासारखेच हे. आजच्या बहुतेक लहान अंकीय यंत्रांत हा दुसरा अर्धा भाग नाही. हेडफोनमध्ये ऐकू येते ते यंत्राच्या दारापर्यंत आलेले. आतील पत्रिकेवर ते उतरले की नाही, ह्याची ग्वाही हेडफोन देत नाही. एवढ्या बाबतीत १९५८ चे यंत्र पुढारलेले होते, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

न्यायालयांनाही हाच प्रश्न सोडवावा लागला. युसुफअल्ली इस्माईल नागरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फितीवरील संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. मात्र आवाज कोणाचा, मुद्रण अचूक आहे काय, त्यात फेरफार झाला नाही ना, ह्यांची शहानिशा हवी, असा दंडक घातला. पुढे १९८५ साली रामसिंग विरुद्ध कर्नल रामसिंग ह्या निवडणुकीच्या वादात अटी अधिक तपशिलाने सांगितल्या गेल्या. त्यांपैकी एक अशी की बोलणाऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू यावा, इतर आवाजांत तो बुडालेला वा विकृत झालेला नसावा. उत्सवातील सनई काही न्यायालयात जाणार नाही. पण ही अट तिलाही जशीच्या तशी लागू आहे. आणि ती पाळली जाते की नाही, हे जागेवरच सांगणारा साक्षीदार म्हणजे हेडफोन.

साक्षीदार म्हटला की त्याने गोड बोलू नये, खरे बोलावे. येथेच बाजारातील हेडफोनांचे दोन कुळांत विभाजन होते. १९५८ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात जॉन कॉस ह्यांनी 'एसपी/३' हा द्विध्वनी हेडफोन विक्रीस आणला, तो घरी बसून तबकड्या ऐकण्याच्या सुखासाठी. १९६८ साली जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने 'एचडी ४१४' काढला. पाठीमागून उघडा, कानाशी पिवळ्या स्पंजाच्या गाद्या, अतिशय हलका. लाखो लोकांनी तो आनंदाने घेतला. घरी तो उत्तमच. परंतु उघडा हेडफोन बाहेरचा आवाज आत येऊ देतो आणि आतला बाहेर. सुवारीत घुमट, शामेळ आणि कासाळे पाच हातांवर कडाडत असताना अशा हेडफोनमध्ये मुद्रणकारास जे ऐकू येते ते प्रत्यक्ष सुवारीचे की यंत्रातील सुवारीचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. मायक्रोफोन बंद असला तरी सगळे ठीक चालले आहे असेच त्याला वाटेल!

म्हणून मैदानात हेडफोन बंद पाठीचा हवा. ह्या कुळातील दोन नावे परिचित आहेत: झेनहायझरचा १९८८ चा 'एचडी २५' आणि सोनीचा १९९१ चा 'एमडीआर ७५०६'. पहिला कानावर घट्ट बसतो आणि त्याचे एक कर्णपात्र मागे सरकविता येते, म्हणजे एका कानाने यंत्र आणि दुसऱ्याने भटजींची सूचना ऐकता येते. शिवाय त्याची तार तुटल्यास दुसरी लावता येते. सोनीचा संपूर्ण कान झाकतो आणि आवाजातील वरची, चरचरणारी बाजू निष्ठुरपणे दाखवितो. काही गवय्यांना तो कर्कश वाटतो. परंतु वाऱ्याचा फडफडाट, तार हलल्याचा कडकडाट, बंडीला घासणारा मायक्रोफोन, हे सारे त्यात आधी कळते. आणि मुद्रणकारास हवे आहे ते एवढेच. दोष झाकणारा हेडफोन त्याच्या काय कामाचा? ढोलाचा खर्ज फुगवून दाखविणारे हेडफोन तर ह्या कामी सर्वस्वी वर्ज्य. त्यांच्या भरवशावर मुद्रणकार खर्जाची काटछाट करतो आणि घरी आल्यावर घुमटाची घागर झालेली आढळते.

विजेच्या रोधाची बाब रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. काही हेडफोन २५० ओहमांचे असतात. ते मोठ्या उपकरणांसाठी. घटावर चालणारे लहान यंत्र त्यांस पुरेसे हलवू शकत नाही, आवाज क्षीण येतो, आणि मुद्रणच क्षीण झाले असा भ्रम होतो. वरील दोन अनुक्रमे ७० व ६३ ओहमांचे आहेत. लहान यंत्रास ते झेपतात.

बिनतारी हेडफोनचा मोह आज सर्वांना पडतो. ब्लूटूथवरून येणारा आवाज वाटेत दाबून लहान केलेला असतो आणि अनेकदा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही उशिरा पोहोचतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे ३४ मीटर जातो. म्हणजे गाभाऱ्यापाशी उभे राहून दीपमाळेपलीकडून ऐकल्यासारखे झाले. आणि तरीही मोठा दोष हा नव्हे. गोंगाट आपणहून पुसून टाकणारी जी युक्ती अमर बोस ह्यांना १९७८ साली विमानप्रवासात सुचली, ती प्रवाशांस वरदान आहे. मुद्रणकारास ती शत्रू. तिने पुसलेली पंख्याची घरघर मायक्रोफोनने मात्र इमानेइतबारे टिपलेली असते.

आणखी एक गोष्ट मंडळांच्या चालकांनी ध्यानात घ्यावी. वास्कोच्या श्रीदामोदराचे भजन अखंड चोवीस तास चालते. तेथे एकाच माणसाच्या कानावर सारा भार घालणे क्रूरपणाचे आहे. ८५ डेसिबलांचा आवाज आठ तास सोसता येतो असे मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलांगणिक ती मुदत निम्मी होते. भोवतीच्या ढोलताशांवर मात करण्यासाठी हेडफोनचा आवाज चढवीत नेणारा मनुष्य रात्री दहापर्यंत निरुपयोगी झालेला असतो. कानच बधिर झाल्यावर साक्ष कसली? दोघांनी पाळी लावावी, आवाजाची खूण आरंभी ठरवावी आणि ती हलवू नये. घामाने कर्णगाद्यांचे कातडे सुटते. जादा जोड बरोबर असावी.

आणि पालखी सभामंडपात परतली, वादक घाम पुसत बसले, की त्यांना उठू देण्यापूर्वी मुद्रण मागे नेऊन सुरुवातीचा, मधला आणि अखेरचा असा एकेक मिनिटाचा भाग हेडफोन लावून ऐकावा. काही बिघडले असेल तर म्हातारा सनईवाला त्या वेळी अजून समोर बसलेला असतो, आणि चहा पिऊन झाल्यावर तो बहुधा पुन्हा वाजवितो.