तलावपाळीचं चर्च पोर्तुगीजांचं? जरा मागे जाऊन बघू

नाताळ जवळ आला की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर हमखास मेसेज फिरतो: ठाण्याचं चर्च म्हणजे पोर्तुगीजांची देणगी, आणि तिथे जाणारी माणसंही त्यांचीच. यंदाही आला. उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून इथे टाकतोय.

मी ख्रिस्ती नाही. काही वर्षांपूर्वी एका बातमीत मी 'मरियेची आराधना' असं लिहिलं आणि सकाळीच एका कॅथलिक वाचकाचा फोन आला. आराधना फक्त देवाची, मरियेचा सन्मान. बातमीदाराला एवढा फरक कळायला हवा. ओशाळलो. तेव्हापासून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आणि ख्रिस्ती ईशज्ञानाची पुस्तकं रात्री थोडी थोडी वाचतो. परीक्षा नाही, पदवी नाही, धर्म बदलायचा विचार तर नाहीच. स्वतःसाठी. (घरचे म्हणतात, या वयात लोक ज्ञानेश्वरी काढतात. तीही आहे उशाशी.) त्यात एक गोष्ट पक्की झाली. बायबलात चर्चसाठी जो ग्रीक शब्द आहे, 'एक्लेसिया', त्याचा अर्थ सभा, एकत्र आलेली माणसं. इमारतीचा त्यात संबंध नाही.

म्हणजे प्रश्न दोन झाले. इमारत कधीची, आणि माणसं कधीची?

इमारतीचं सोपं आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. मागोमाग फ्रान्सिस्कन साधू आले. मासुंद्याजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे त्याच राजवटीतलं. या काळात जबरदस्ती झाली, मंडपेश्वरच्या लेण्यात चर्च केलं, हे लपवायचं काही कारण नाही.

पण माणसं? १३२१ साली, म्हणजे पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी, होर्मुझहून एक जहाज ठाण्याला लागलं. जायचं होतं कोल्लमला. त्यात थॉमस, जेम्स आणि पीटर हे तीन इटालियन फ्रान्सिस्कन, आणि तिफ्लिसचा दुभाषी देमेत्रियस. ठाण्यात त्यांना आसरा दिला तो इथल्याच ख्रिस्ती कुटुंबाने. तेव्हा गावात नेस्टोरियन पंथाची पंधरा ख्रिस्ती घरं होती. यजमान घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उचलला, बायको काझीकडे गेली. साक्षीदार म्हणून या पाहुण्यांची नावं निघाली. चौकशी मारहाणीची व्हायची, ती भलतीकडेच गेली: येशू देव की माणूस? शेवट असा झाला की एप्रिल महिन्यात चौघंही मारले गेले. पुढे दिल्लीच्या सुलतानाने त्या अधिकाऱ्यालाही मृत्युदंड दिला, असं ओदोरिक सांगतो. हा ओदोरिक त्यांच्याच संघाचा प्रवासी. तो नंतर ठाण्यात आला आणि चौघांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला. (ठाण्यातले उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. नौपाड्यातल्या मित्रांनी खात्री करावी.)

कल्याणकरांनी हसू नये, तुमचं तर आणखी जुनं. सहाव्या शतकातला ग्रीक लेखक कॉस्मास 'कल्लियाना' गावी इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. ते आपलं कल्याणच, असं बरेच अभ्यासक मानतात.

आता, आजचे ठाण्याचे ख्रिस्ती त्या पंधरा घरांचे वंशज आहेत असा दावा मी करणार नाही. तसा पुरावा नाही. इथले जुने ईस्ट इंडियन म्हणजे साष्टी-वसईचीच माणसं, बरीचशी कोळी, कुणबी, भंडारी. घरात मराठी बोली. 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ साली त्यांनी घेतलं ते गोव्याहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे इंग्रजांना सांगण्यासाठी. त्यांना पोर्तुगीजांची माणसं म्हणणं म्हणजे घरमालकाला पाहुणा म्हणण्यासारखं.

हे सगळं ग्रुपवरही टाकलंय. निळ्या खुणा झाल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.