सकर, घोगऱ्या आणि मळ्या

नंदुरबारला शोभेच्या माशांच्या दुकानात एक काळपट मासा हमखास मिळतो. अंगावर खवल्यांऐवजी हाडांचे चिलखत, तोंड खालच्या बाजूला, आणि ते काचेला चिकटवून दिवसभर स्वस्थ. नाव विचारले तर उत्तर एकच, ‘सकर’. सुरतेत हेच, पुण्यात हेच, मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातही हेच. शेवाळ खातो, टाकी साफ ठेवतो, एवढ्यावर त्याची ओळख संपते. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या ज्या कुळातला हा मासा, त्यात नऊशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या ज्या आपल्याकडे आल्या, त्यांना एकाच शब्दात कसे गुंडाळले गेले, हे मला कोडे वाटते. कारण माशांना नावे देण्यात मराठी माणूस कधीच कंजूष नव्हता.

याचा पुरावा एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ठेवला आहे. विल्यम हेन्री साइक्स यांना मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमले. पुणे, अहमदनगर, धारवाड आणि आमचा खानदेश हे चार जिल्हे त्यांच्याकडे होते. मासे मात्र त्यांनी मुख्यतः भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांतले पाहिले. १८३८मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे त्यांनी या माशांवर निबंध वाचला. नव्या जातींना लॅटिन नाव द्यायची वेळ आली तेव्हा अनेक ठिकाणी त्यांनी जाळे टाकणाऱ्यांच्या तोंडचाच शब्द उचलला. शिंगाळ्याचे ‘सिंघाला’ झाले, घोगऱ्याचे ‘गोग्रा’, मळ्याचे ‘मुल्या’. शास्त्रात आधीचे नाव टिकते, हा नियम. त्यामुळे गंगेत आणि सिंधूत सापडणारा शिंगाळाही जगभर ‘स्पेराटा सिंघाला’ या दख्खनी नावानेच ओळखला जातो. घोगऱ्या हे नाव तो पाण्याबाहेर काढल्यावर करतो त्या आवाजावरून पडले असावे, असा माझा तर्क आहे. एखाद्या माशाचा आवाज ठाऊक असायला त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख लागते.

सकरची नावे अशी जवळिकीतून आलेली नाहीत. युरोपात त्याची ओळख पटवण्याची सुरुवातच चुकीने झाली. १७५८ साली लिनियसने चिलखत पाहून त्याला स्टर्जनच्या गोत्रात टाकले आणि ‘प्लेकोस्टोमस’, म्हणजे घडीच्या तोंडाचा, असे नाव दिले. गोत्र पुढे बदलले, पण मत्स्यपालनाच्या छंदात ‘प्लेको’ चिकटून राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्राझीलमधून इतके अनोळखी प्लेको युरोपात उतरू लागले की शास्त्रज्ञांना नावे पुरवता येईनात. तेव्हा ‘डाट्झ’ या जर्मन नियतकालिकाने १९८८पासून त्यांचे फोटो छापून क्रमांक द्यायला सुरुवात केली. एल १, एल २ करत ही यादी आता पाचशेच्या पलीकडे गेली आहे. शिंगू नदीतला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एल ४६ तीन वर्षांतच, १९९१मध्ये, ‘हायपॅनसिस्ट्रस झेब्रा’ झाला. कित्येक मात्र अजून क्रमांकावरच आहेत. एकाच जातीला दोन क्रमांक मिळाल्याचीही उदाहरणे आहेत. तरीही ‘याचे नाव अजून ठरलेले नाही’ असे उघड सांगणारी ही पद्धत मला प्रामाणिक वाटते. ‘सकर’ हा शब्द ते सांगत नाही. तो ओळख झाल्याचा आभास तेवढा निर्माण करतो.

या आभासाची किंमत नदी मोजते. दुकानातला तीन बोटांचा सकर बहुधा टेरिगोप्लिक्थिस या गोत्रातला असतो आणि तो दीड फुटापर्यंत वाढतो. टाकीत मावेनासा झाला की मारवत नाही, म्हणून लोक त्याला पुलावरून सोडतात. भूतदयाच ती! बंगाल, बिहार, आंध्र, केरळ इथल्या पाण्यात तो स्थिरावला आहे. आपल्याकडे उजनीच्या मच्छीमारांनाही तो भेटला. काठात बिळे करून तो अंडी घालतो, कमी प्राणवायूच्या पाण्यात हवा गिळून जगतो आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. पाठीच्या परात नऊ किंवा अधिक मऊ काटे असले तर टेरिगोप्लिक्थिस, सातच असले तर हायपोस्टोमस, इथवर ओळख सोपी आहे. पुढची जात पोटावरच्या नक्षीवरून ठरवतात: ठिपके की नागमोडी रेघा. पण परक्या नद्यांत स्थिरावलेल्या या माशांत दोन्हींच्या मधल्या नक्ष्या सर्रास दिसतात आणि तिथे जाणकारही अडखळतात.

आमच्या जिल्ह्यात तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज आहेत, नवापूरकडे उकाईचा फुगवटा, तर अक्कलकुवा-अक्राणीत सरदार सरोवराचा. साचलेले पाणी सकरला मानवते. म्हणून मच्छीमारांना सावध करायलाच हवे, पण कोणत्या शब्दात? ‘सकर दिसला की काठावर टाका’ एवढेच सांगितले तर सातपुड्याच्या ओढ्यांत हनुवटीखालच्या चकतीने दगडाला धरून राहणाऱ्या मळ्याचे काय? चिकटतो तोही. मांगूरच्या बाबतीत हा घोळ आपण अनुभवला आहे. बंदी घातलेला ‘थाई मांगूर’ मुळात आफ्रिकेतला, आणि नावातल्या साम्यामुळे संशय मात्र देशी मांगूरवरही येतो.

म्हणून मी भेटेल त्या मासेमाराला आधी हात फिरवून पाहायला सांगतो. मळ्या वीतभरही होत नाही, अंगाला खवले असतात आणि हात गुळगुळीत फिरतो. सकरच्या अंगावर शेपटीकडून डोक्याकडे हात नेला तर तो खरवडतो. शिवाय शेपटीआधी पाठीवर एक छोटा जास्तीचा पर असतो, त्याच्या पुढच्या कडेला काटा. मळ्याला तो पर नसतोच.