छायाचित्रातली छाया

फोटोला आपण छायाचित्र म्हणतो, पण त्यातल्या छायेकडे कितीजणी पाहतात? चाळीसगावच्या केकी मूस यांनी त्यात सारा जन्म घालविला. जन्म १९१२ चा, मुंबईच्या पारशी घराण्यातला. विलायतेत कलेचे शिक्षण घेऊन ते चाळीसगावी परतले आणि १९८९ साली निधन होईपर्यंत क्वचितच घराबाहेर पडले. त्याची कारणे लोक नाना सांगतात. मला त्यांचे टेबल अधिक मोलाचे वाटते.

त्या टेबलावर किरकोळ वस्तू मांडून ते डोंगर, झाडे, बर्फाचे देखावे उभे करीत आणि त्यांचे फोटो घेत. सारी किमया उजेडाची. दिवा बाजूला, खाली ठेवला की बोटभर काडीचीही सावली लांब पडते व तिचे झाड होते. समोरून उजेड पाडला तर काडी ती काडीच. दिवा मागे नेला की नुसती काळी आकृती उरते. फ्रान्सात अठराव्या शतकात अशा आकृत्या काळ्या कागदात कापून स्वस्तात तसबिरी करीत. त्यांना एका काटकसरी अर्थमंत्र्याचे नाव पडले, सिलुएट!

नवशिकीने उजेडाच्या खिडकीत तांब्या ठेवावा, खोलीतला दिवा मालवावा आणि मोबाइलच्या पडद्यावर खिडकीच्या उजेडावर बोट टेकवावे. तांब्या काळा होतो, काठ तेवढा रेखीव दिसतो.

घरात बसून काय होणार, असे आपण म्हणतो. मूस यांनी दार आपखुशीने लावले होते, आपल्यापैकी कित्येकींचे तसे नव्हते. हा फरक मला विसरवत नाही. त्यांच्या घरी आता कलादालन आहे. धुळ्याहून चाळीसगावला रेल्वेही जाते.