खाचांचा चमचा

घरी बिअर करणाऱ्या अनेकांकडे लांब दांड्याचा एक लाकडी चमचा असतो. दर लिटरला दांड्यावर एक खाच. उकळी चालू असताना तो पातेल्यात उभा धरायचा आणि ओल कितव्या खाचेपर्यंत चढली ते पाहायचं. या चमच्याचं कूळ शोधायला स्वयंपाकघर सोडून इंग्लंडच्या अबकारी खात्यात जावं लागतं, असं माझं मत.

१६४३ साली, यादवी युद्धाच्या खर्चापायी, तिथल्या पार्लमेंटने बिअरवर कर बसवला. कर पिंपावर, म्हणजे पिंपं मोजणारा माणूस आलाच. खुणांची काठी टाक्यांत बुडवायची आणि आकडेमोड करायची, हे त्याचं काम. टॉमस एव्हरार्ड या अबकारी अधिकाऱ्याने १६८३ मध्ये त्यासाठी खास सरकपट्टीही बनवली.

काठीला पातळी कळे, कस कळत नसे. तो मोजायला ऑल्टनच्या जेम्स बॅव्हरस्टॉकने १७७० च्या सुमारास घनता मोजणारा हायड्रोमीटर हाती घेतला, तोही वडिलांची नजर चुकवून. लंडनचे बडे उत्पादक सॅम्युअल व्हिटब्रेड यांनी त्याला उडवून लावलं. पण १७८४ मध्ये जॉन रिचर्डसनचं पुस्तक आलं आणि ही मोजणी धंद्यात रुजली. १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा (मोडाच्या धान्यावरचा) कर काढून तो आंबवण्याआधीच्या गोड रसावर लावला. आता सरकारच पातळी आणि घनता दोन्ही विचारू लागलं. घरी बिअर करायलाही परवाना लागे. तो १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला, आणि काठी स्वयंपाकघरात आली.

तिचा हिशेब सोपा आहे. पाणी उडतं, साखर उडत नाही. १.०४० घनतेचा २४ लिटर रस आटून २० लिटर झाला, की घनता १.०४८. गुऱ्हाळातल्या काहिलीतही पाणीच घालवायचं असतं. पण गुळवे पाक पाहून थांबतात, इथे मात्र थांबायचा आकडा आधीच ठरलेला.

नवखे फसतात ते किती आटेल हे टक्क्यांत धरताना. कारखान्यातलं भांडं दरवेळी सारखंच भरतं, म्हणून तिथे तासाला इतके टक्के हे बोलणं चालतं. घरचं पातेलं कधी २४ लिटर, कधी १२. वाफ किती जाणार हे उघड्या तोंडावर आणि आचेवर ठरतं, आत रस किती आहे यावर फारसं नाही. २४ लिटरमधून तासाला चार जात असतील, तर त्याच पातेल्यातल्या, त्याच आचेवरच्या १२ लिटरमधूनही साधारण चारच जातील. म्हणजे सहावा हिस्सा जायचा तिथे थेट तिसरा.

म्हणून आपल्या पातेल्यात नुसतं पाणी तासभर उकळून एकदा घट मोजून ठेवावी. पातळी कमी भरली तर उकळतं पाणी घालावं. त्यात कमीपणा कसला? जास्त भरली तर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) टाकण्याआधीच आटवून घ्यावं, नाहीतर हॉप्स जादा उकळून कडूपणा वाढतो. आणि खाच वाचताना तापलेल्या रसाचा फुगवटा वजा करावा. उकळत्या रसाचं आकारमान निवताना सुमारे चार टक्के घटतं, त्यामुळे गार २० लिटर हवे असतील तर आच बंद करताना ओल २१ व्या खाचेच्या किंचित खाली दिसायला हवी.